घरी बनवलेली सर्ज टाकी: १९७२च्या सी१० पिकअपसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७२ची शेव्हरोले सी१० पिकअप, तिच्यात नंतरच्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं एलएम७ इंजिन. केबिनमधली, सीटच्या मागची मूळ पेट्रोल टाकी काढून टाकली आहे आणि मागच्या बेडखाली, चासीच्या दोन दांड्यांच्या मधे ब्लेझरची रुंद, चपटी टाकी बसवली आहे. रस्त्यावर तक्रार नाही. ऑटोक्रॉसला (शंकूंमधून घड्याळ लावून गाडी पळवायची शर्यत) मात्र टाकी पावच भरलेली असली की लांबलचक डाव्या वळणात इंजिन अडखळतं आणि गाडी सरळ झाली की पुन्हा धरतं. उपाय म्हणून घरीच सर्ज टाकी, म्हणजे मुख्य टाकी आणि इंजिन यांच्या मधली छोटी साठवण टाकी, करायची आहे. विचारलंय ते असं: पीव्हीसी पाइप चालेल की पत्र्याची चौकोनी पेटी करू? किती लिटरची करू? मुख्य टाकीत आधीच वॉलब्रो कंपनीचा २५५चा (तासाला २५५ लिटरचा, इंजेक्शनसाठीचा हाय प्रेशर) पंप आहे, तसाच आणखी एक सर्ज टाकीपुढे लावला तर झालं का?

आधी तुटक उत्तरं देतो. पीव्हीसी नाही. चौकोनी पेटी नाही. दीड-दोन लिटर पुरे. आणि तो आत्ताचा २५५चा पंप सर्ज टाकी भरायला अजिबात वापरू नका. सगळ्या प्रश्नात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती याच गोष्टीची. कारण पुढे हिशेबासकट येईल.

पण पाइप कापायच्या आधी एक खात्री करून घ्या. वळणात इंजिन अडखळतंय ते पेट्रोलमुळेच, हे तुम्ही मोजलंय की गृहीत धरलंय? फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, १०० पीएसआयचा (दर चौरस इंचावर १०० पौंड दाबापर्यंतचा) प्रेशर सेन्सर लावा आणि तो इसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, लॉगमध्ये घ्या. त्याच लॉगमध्ये ऑइल प्रेशरही असू द्या. या एलएस घराण्यातली इंजिनं लांब वळणात ऑइलच्या बाबतीतही हळवी असतात, ऑइल पॅनमधलं तेल बाजूला सरकलं की पिकअप, म्हणजे तेल ओढणारं नळीचं तोंड, उघडा पडतो. वळणात फ्युएल प्रेशर ५८वरून ३०-४०पर्यंत कोसळत असेल आणि ऑइल जागच्या जागी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ऑइल प्रेशर डुबकी मारत असेल, तर पेट्रोल विसरा आणि गाडी ट्रॅकवर नेणं थांबवा. बेअरिंग एकदा गेलं की सर्ज टाकीचा खर्च किरकोळ वाटेल.

आता ही टाकी नेमकं करते काय. बहुतेक जण तिला प्रेशरशी जोडतात. प्रेशरशी तिचा काही संबंध नाही. मुन्सिपाल्टीचा नळ मधूनच नुसता वारा फुसकारतो, तरी घरातल्या नळाला धार सलग येते, कारण मधे गच्चीवरची टाकी असते. सर्ज टाकीचं काम तेवढंच. मुख्य टाकीतून येणारं पेट्रोल आणि हवेचे बुडबुडे दोन्ही तिच्यात येतात, हवा वर जाते, पेट्रोल खाली राहतं आणि हाय प्रेशर पंपाला फक्त खालचं मिळतं. म्हणून तिची प्रत्येक फिटिंग कुठे असावी हे एकाच प्रश्नावरून ठरतं: हवा इथून बाहेर कशी जाईल?

तुमच्या गाडीच्या मूळ इंजिनाला हे दुखणं का नव्हतं तेही यातच आलं. कार्बोरेटरचा फ्लोट बाउल ही एक छोटी सर्ज टाकीच असते. मेकॅनिकल पंपाने दोन सेकंद हवा ओढली तरी बाउलमधलं पेट्रोल इंजिनाला पुरतं आणि हवा बाउलच्या व्हेंटमधून निघून जाते. इंजेक्शनमध्ये अशी उसंत नाही. ५८ पीएसआयवर चालणाऱ्या पंपाने एक घोट हवा घेतली की रेलमधलं प्रेशर त्याच क्षणी पडतं.

आता किती लिटर, ते बघू. हा हिशेब एकदा स्वतः करून बघितला की नेटवरच्या चार-पाच लिटरच्या टाक्या बघून तुम्ही बिचकणार नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला फुल थ्रॉटलवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं. कॅम बदललेलं तुमचं ५.३ आपण उदार मनाने ४०० हॉर्सपॉवरचं धरू. म्हणजे तासाला २०० पौंड, लिटरमध्ये सुमारे १२२. सेकंदाला पडले ३४ मिलिलिटर.

बाजूचा जोर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, असला की टाकीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंशात उभा राहतो. चांगल्या टायरवर सी१० तेवढी जात नसली, तरी ०.८ जीलाही तो ३९ अंशांच्या आसपास कलतो. रुंद चपट्या टाकीत चौथा हिस्साच पेट्रोल असेल, तर ते सगळं एका भिंतीला जाऊन चिकटतं आणि पेट्रोल ओढणारा पिकअप कोरडा पडतो. असं एका वळणात तीन सेकंद झालं असं समजा. फुल थ्रॉटल गृहीत धरूनही इंजिनाने त्या वेळात शंभरएक मिलिलिटर प्यायलं. एवढंच! ऑटोक्रॉसची फेरी मिनिटभराची. तिच्यात एकूण वीस सेकंद पिकअप उघडा राहिला तरी ७०० मिलिलिटर झाले, आणि मधल्या सरळ भागात टाकी पुन्हा भरत राहते. दोन लिटर म्हणजे काहीही न भरता फुल थ्रॉटलचं जवळजवळ एक मिनिट. त्याहून मोठी टाकी केली तर अपघातात जळायला जास्त पेट्रोल मिळालं, एवढाच फरक.

पुढेमागे टर्बो लावायचा विचार असेल, तर हॉर्सपॉवरमागे ०.६५ पौंड धरा. ६०० हॉर्सपॉवरला तासाला सुमारे २४० लिटर, म्हणजे दोन लिटरची टाकी अर्धं मिनिट. तरीही पुरते. ई८५वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर) जाणार असाल तर त्याहून तीसएक टक्के जास्त धरा आणि खाली जे काही रबर आणि ॲल्युमिनियमबद्दल लिहिलंय ते पुन्हा एकदा तपासा.

भरणाऱ्या पंपाचा, म्हणजे लिफ्ट पंपाचा हिशेब मात्र जास्त महत्त्वाचा. वळणात जे गेलं ते त्याने सरळ रस्त्यावर भरून काढायचं असतं, आणि त्याच वेळी इंजिन पीतच असतं. लिफ्ट पंप प्रत्यक्षात तासाला २०० लिटर देत असेल, तर इंजिनाचे १२२ वजा जाऊन सेकंदाला वीसएक मिलिलिटर शिल्लक राहतात. इंजिनाच्या कमाल भुकेच्या दीडपट लिफ्ट, हे माझं किमान माप. डब्यावर छापलेला आकडा मात्र मोकळ्या धारेचा असतो हे ध्यानात ठेवा. खऱ्या गाडीत होज, फिल्टर आणि चढ मिळून त्यातला चांगलाच वाटा खातात.

मग २५५चा पंप लिफ्टला का नको? तो तर दीडपटीहून जास्त देतो. कारण प्रेशर. चार इंची पाइपची टाकी केलीत, पाइपची जाडी १/८ इंच असली, तर आतला व्यास पावणेचार इंच आणि झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस इंच. सर्ज टाकीची ओव्हरफ्लो लाइन (जास्तीचं पेट्रोल आणि हवा मुख्य टाकीत परत नेणारी) मोकळी असेपर्यंत आत पीएसआय-दोन पीएसआयच्या वर काही नसतं. पण ती लाइन दबली, मुरगळली किंवा जॅक लावताना चासीला चिमटली गेली तर? कार्बोरेटरवाला लो प्रेशर पंप सहा पीएसआयपर्यंत ढकलतो आणि थांबतो. झाकणावर तीस किलोचा जोर आला, टाकीने तो हसत सोसला. इंजेक्शनचा पंप मात्र बंद लाइनवर १०० पीएसआयच्या घरात जाऊ शकतो. त्याच झाकणावर ५०० किलो. तुमच्या घरच्या वेल्डवर, पेट्रोल भरलेलं असताना, एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर. बाजारात मिळणाऱ्या तयार टाक्या लेथवर कोरलेल्या जाड झाकणांच्या असतात, लोक त्यांना इंजेक्शनच्या पंपाने भरतात आणि त्या टिकतात. त्यांचं बघून घरच्या टाकीला तेच करणं, ही नक्कल चुकीच्या जागी केलेली आहे. तेव्हा मुख्य टाकीतला वॉलब्रो काढून ठेवा, लिफ्टसाठी चार ते सात पीएसआयचा, सतत चालायला बनलेला इलेक्ट्रिक पंप घ्या. रोटरी व्हेन जातीचे पंप ओढण्यात कच्चे आणि ढकलण्यात पक्के असतात. म्हणून तो टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याहून खाली लावा, आणि त्याच्या आधी शंभर मायक्रॉनची जाळी ठेवा. ओव्हरफ्लोच्या लाइनमध्ये कुठलाही कॉक, व्हॉल्व्ह, फिल्टर कधीही नको.

आता नळ्या. टाकीला चार तोंडं. लिफ्टकडून येणारी लाइन वरच्या तिसऱ्या भागात, भिंतीला घासून आत येईल अशी. असं तिरकं आलेलं पेट्रोल गोल फिरतं आणि हवा मधे गोळा होऊन वर सुटते. वर ठेवायचं दुसरं कारण असं की गाडी बंद झाल्यावर लिफ्ट पंपातून पेट्रोल उलटं वाहून टाकी रिकामी होत नाही. रेग्युलेटरची, म्हणजे प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या पुर्ज्याची, रिटर्न (जास्तीचं पेट्रोल परत आणणारी लाइन) हीसुद्धा वरच, पण लिफ्टच्या समोर नको. ओव्हरफ्लो सर्वांत उंच बिंदूवर. टाकी थोडी कलती बसणार असेल तर त्या कलत्या अवस्थेतला उंच बिंदू धरा. हाय प्रेशर पंपाची लाइन अगदी तळातून. ही शेवटची एएन-८ किंवा एएन-१० (एएन हे लाइनचं माप, आकडा मोठा तितकी लाइन रुंद), कारण पंपाने ओढताना लाइन अरुंद असेल तर पेट्रोल लाइनमध्येच वाफ होऊ लागतं. लिफ्टला एएन-६ चालेल. ओव्हरफ्लो लिफ्टच्या लाइनपेक्षा एक माप मोठीच.

रिटर्न कुठे जाते यावर अर्धं यश अवलंबून आहे. तुमचा हाय प्रेशर पंप सतत पूर्ण जोमाने चालतो. कागदावर २५५ लिटर, ५८ पीएसआयवर त्याहून कमी. इंजिन आयडलला त्यातलं दोन-तीन लिटर वापरतं, बाकी सगळं रेग्युलेटरमधून परत येतं. ही रिटर्न तुम्ही मुख्य टाकीत सोडलीत, तर हाय प्रेशर पंप सर्ज टाकी सेकंदाला साठएक मिलिलिटरच्या वेगाने उपसत राहील आणि वर केलेला मिनिटाचा हिशेब अर्ध्यावर येईल. रिटर्न सर्ज टाकीतच आणा. मग टाकीतून खरोखर बाहेर जातं ते फक्त इंजिनाने जाळलेलं.

एलएस इंजिन जुन्या गाडीत बसवणारे बरेच जण १९९९ ते २००३च्या कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर वापरतात, तुमच्याकडेही तोच असावा. ५८ पीएसआय त्यातच ठरलेलं असतं, पंपाच्या बाजूला दोन तोंडं, इंजिनाच्या बाजूला एक. तो सर्ज टाकीला लगटून बसवा. इंजिनकडे एकच लाइन जाते, तिकडचं तापलेलं पेट्रोल परत येतच नाही. टर्बो लावाल त्या दिवशी मात्र तो काढून बूस्टला (टर्बोच्या दाबाला) जोडलेला रेग्युलेटर लावावा लागेल.

उष्णतेबद्दल फार कमी लोक विचार करतात. हाय प्रेशर पंप १३.५ व्होल्टला बारा अँपिअर खात असेल, तर ते १६० वॉट झाले, आणि त्यातले जवळजवळ सगळे शेवटी पेट्रोलातच मुरतात. दोन लिटर पेट्रोल नुसतं गोल गोल फिरत राहिलं, तर ते मिनिटाला तीन अंश सेल्सिअसने तापेल. ह्यूस्टनच्या ऑगस्टात, रांगेत उभ्या असलेल्या गाडीत, वीस मिनिटांनी काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून लिफ्ट पंप सतत चालू पाहिजे आणि ओव्हरफ्लोतून सतत पेट्रोल मुख्य टाकीत परतलं पाहिजे. तासाला शंभर लिटरचं ताजं पेट्रोल येत राहिलं तरी सर्ज टाकी मुख्य टाकीपेक्षा साडेतीन-चार अंशच गरम राहते. लेव्हल स्विच लावून लिफ्ट पंप हवा तेव्हाच चालवायचा, अशी हुशारी काही जण करतात. तिने वीज वाचते आणि पेट्रोल उकळतं. आणि एक: इथे अमेरिकेत हिवाळ्यातलं पंपावरचं पेट्रोल उन्हाळ्यापेक्षा बरंच लवकर वाफ होणारं असतं. मार्चमध्ये अचानक गरम दिवस आला आणि टाकीत जानेवारीचं पेट्रोल असलं, तर उन्हाळ्यात न होणारा व्हेपर लॉक (पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) तेव्हा होतो. त्या दिवशी टाकीला दोष देऊ नका.

बांधकाम. ६०६१ ॲल्युमिनियमचा चार इंच बाहेरच्या व्यासाचा, १/८ इंच जाडीचा पाइप, झाकणं पाव इंची. दोन लिटरसाठी आतली उंची २८ सेंटिमीटर, दीड लिटरसाठी २१. उंच आणि बारीक हाच आकार बरा, कारण गाडी कलली तरी तळाच्या तोंडावर पेट्रोल टिकतं. चौकोनी पेटी का नको? सपाट पत्रा प्रेशरखाली फुगतो, रस्त्याच्या धक्क्यांनी आत-बाहेर करतो आणि कोपऱ्यातल्या वेल्डशेजारी तडकतो. पीव्हीसीबद्दल तर बोलायलाच नको. पेट्रोल त्याला मऊ करतं, थंडीत ते काचेसारखं फुटतं, वाहत्या पेट्रोलची स्थिर वीज त्याच्यावर साचून राहते आणि आग लागली तर ते पहिल्या मिनिटातच वितळून आतलं सगळं ओतून देतं. जुना फायर एक्स्टिंग्विशर किंवा प्रोपेनचा सिलिंडर कापून केलेल्या टाक्याही मी बघितल्या आहेत. आतला लेप कुठला, पेट्रोलाशी त्याचं कसं जमेल, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. तीस-चाळीस डॉलरच्या नव्या पाइपवर तिथे कंजुषी नको. साधं लोखंड आतून गंजतं, इथल्या पंपावरच्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी धरून ठेवतं.

वेल्डिंग टिगनेच, आणि तुमचा हात ॲल्युमिनियमवर बसलेला नसेल तर तुकडे कापून, साफ करून एखाद्या चांगल्या वेल्डरकडे द्या. यात कमीपणा नाही. वेल्डेबल बंग (टाकीला वेल्ड करायची आट्यांची तोंडं) ओ-रिंगच्या जातीचे घ्या, आटे भरून गळती थांबवण्याचा खेळच उरत नाही. एनपीटीचे (पाइपचे निमुळते) आटे वापरायचेच झाले, तर पेट्रोलला चालणारी पेस्ट लावा. टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे इंजेक्टरपर्यंत पोहोचतात. एएनच्या फिटिंगचा कोन ३७ अंशांचा असतो, हार्डवेअरच्या दुकानातली पितळी फ्लेअर ४५ची. काही मापांत दोन्ही एकमेकांच्या आट्यांवर बसतात, घट्टही होतात आणि गळतात.

होज एसएई जे३०आर९ लिहिलेलाच. आर७ हा कार्बोरेटरचा, तो रिटर्नलाही नको. कुठलाही तुकडा टाकीच्या आत बुडणार असेल तर त्याला आर९ही चालत नाही, आर१० लागतो. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) विणलेला होज घेतलात तर आतला थर कार्बन मिसळलेला, वीज वाहून नेणारा आहे ना, हे विकणाऱ्याला विचारा.

पंप टाकीच्या आत बुडवावा का, हेही विचाराल. आत असलेला पंप थंड आणि शांत चालतो हे खरं. पण मग जिवंत वायरी झाकणातून पेट्रोलात न्याव्या लागतात. तो जोड घरी करू नका. तसंच हवं असेल तर तयार टाकी विकत घ्या.

चाचणी पाण्याने. टाकी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही आत ठेवू नका, हातपंपाने २० पीएसआय चढवा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. काटा हलता कामा नये, झाकणावर सरळ पट्टी धरली तर फुगवटा दिसता कामा नये. हवेच्या कॉम्प्रेसरने २० पीएसआय देऊ नका. पाणी दबत नाही, त्यामुळे वेल्ड सुटला तर थेंब उडतात. दाबलेली हवा सुटली तर झाकण उडतं. पाण्याची चाचणी पास झाल्यावर दोन-तीन पीएसआय हवा आणि साबणाचा फेस, बारीक छिद्रांसाठी. मग टाकी पूर्ण वाळवा, आतला कीस धुऊन काढा.

आणि एकदा पेट्रोल भरलं की त्या टाकीला पुन्हा वेल्डिंगची ठिणगी दाखवायची नाही. धुतली, उन्हात ठेवली, वास येत नाही, तरीही नाही. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेते. गळाली तर फेकून द्या आणि दुसरी करा.

काम करायच्या जागेबद्दलही थोडं. इथल्या घरांत गॅसचा वॉटर हीटर बऱ्याचदा गॅरेजमध्येच असतो. त्याची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर ठेवायचा नियम आहे तो पेट्रोलची वाफ जड असते आणि फरशीवरून पसरते म्हणूनच. दोन लिटर सांडलं तर त्या अठरा इंचांवर भरवसा ठेवू नका. पेट्रोल हाताळायची सगळी कामं बाहेर ड्राइव्हवेवर, बी वर्गाचा एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून.

टाकी बसवायची कुठे, याचं उत्तर या गाडीच्या इतिहासातच आहे. तुमच्या गाडीनंतरच्या पिढीत, १९७३ ते १९८७, जनरल मोटर्सने टाक्या चासीच्या दांडीच्या बाहेर, बाजूला लटकवल्या. बाजूने धडक बसली की टाकी आणि समोरची गाडी यांच्यामध्ये फक्त पत्रा. त्यावरून वर्षानुवर्षं खटले चालले, आणि डिसेंबर १९९४मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. तेव्हा दांडीच्या बाहेर जागा कितीही मोकळी दिसली तरी तिथे नको. केबिनमध्ये तर नाहीच. एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या) नियमांतही टाकी, लाइन, पंप हे सगळं ड्रायव्हरच्या कप्प्याबाहेर लागतं. बेडमध्ये उघडी टाकी दिसायला छान, पण मागून ठोकर बसली तर सर्वांत आधी तीच जाते. बरी जागा दांडीच्या आतल्या बाजूला, मागच्या ॲक्सलच्या पुढे. तिथे तुमच्या गाडीचे लांब ट्रेलिंग आर्म (मागच्या ॲक्सलला चासीशी जोडणारे दांडे) वर-खाली होतात, नॅसकार शर्यतवाल्यांनी ज्यांची नक्कल अनेक दशकं वापरली तेच ते आर्म. सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून दोन्ही वेळा अंतर बघा. प्रॉपेलर शाफ्टला लोखंडी लूप लावा, कारण क्रॉस तुटला तर तो शाफ्ट चाबकासारखा फिरतो आणि त्याच्या पट्ट्यात तुमची टाकी असते. एक्झॉस्टपासून किमान सहा इंच आणि मधे हीट शील्ड. टाकी रबर लावलेल्या दोन रुंद पट्ट्यांनी बांधा. टाकीवरच लग वेल्ड करून बोल्टने आवळली, तर चासीचा पीळ थेट टाकीच्या वेल्डवर येतो.

वायरिंगमध्ये दोन्ही पंप इसीयूच्या इशाऱ्यावर, वेगवेगळ्या रिलेवर, वेगवेगळ्या फ्यूजवर. जीएमचा इसीयू चावी फिरवल्यावर दोन सेकंद पंप चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. अपघातानंतर इंजिन थांबलं की पंप थांबतात, ते यामुळेच. लिफ्ट पंप थेट इग्निशनला जोडलात, तर ही सोय गेली: फाटलेल्या होजमधून पेट्रोल ओतत राहील. जुन्या फोर्ड गाड्यांत धक्का बसला की वीज तोडणारा इनर्शिया स्विच असतो, भंगारात स्वस्त मिळतो, तो दोन्ही रिलेच्या इशाऱ्याच्या वायरमध्ये घाला.

लिफ्ट पंप मेला तर काय होतं, हे समजून घ्या. काहीच होत नाही. आयडलला दोन लिटर पेट्रोल पाऊण तास पुरतं. गाडी चालू होते, गल्लीत फिरते, तुम्ही स्टार्ट लाइनवर जाता आणि फुल थ्रॉटलच्या पन्नासाव्या सेकंदाला मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. टर्बो असेल तर पिस्टन तिथेच संपतो. म्हणून सुरुवातीला लावलेला प्रेशर सेन्सर काढू नका. ४५ पीएसआयच्या खाली गेलं की इसीयूने इंजिन बंद करावं अशी सेटिंग करा, आणि लिफ्टच्या लाइनवर दोन पीएसआयचा स्विच लावून डॅशवर एक लाल दिवा द्या.

पहिल्यांदा भरताना हाय प्रेशर पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि फक्त लिफ्ट चालवा. ओव्हरफ्लोचं मुख्य टाकीकडचं टोक सोडवून मापाच्या कॅनमध्ये धरा, कॅन जमिनीवर. अर्ध्या मिनिटात दीड लिटरच्या वर आलं तर पंप कबूल केलेलं देतोय. निम्मं आलं तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी होज मुरगळलाय. मग ओव्हरफ्लो जोडून हाय प्रेशर पंप चालू करा. पहिले काही तास चालवल्यावर फिल्टर फेकून नवा लावा, कितीही धुतलं तरी वेल्डिंगचा कीस निघतोच.

हे सगळं करण्याआधी एकदा शांतपणे हेही विचारा की सर्ज टाकी लागतेच का. तुमची टाकी बेडखाली आहे, उतरवायला सोपी. टर्बोचा विचार नसेल, तर आतमध्ये बकेट असलेलं पंप मॉड्यूल किंवा तळाशी पसरणारी शोषक चटई बसवूनही हे दुखणं जातं. एकच पंप, चासीखाली एकही नवी लाइन नाही, गळायच्या जागा निम्म्या. तुमच्या जागी मी आधी ते करीन. ६०० हॉर्सपॉवर नक्की ठरलेलं असेल तरच वरची सगळी खटपट.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. २०१४पासून गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ठिकाणी जिप्सीवाल्यांना हेच दुखणं होतं, पण त्याचं रूप निराळं. तिथे तीन सेकंदांचं वळण नसतं. गाडी चिखलाच्या चढावर विंचला लटकून दहा-दहा मिनिटं एकाच कलात उभी असते आणि इंजिन कमी पेट्रोल पितं. त्या कलात मुख्य टाकीचा पिकअप उघडा राहिला, तर लिफ्ट कितीही मोठी असो, ती हवाच ढकलणार. म्हणून तिथे आधी पिकअपची जागा बदला किंवा दोन कोपऱ्यांत दोन पिकअप द्या, सर्ज टाकी नंतर. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्यामुळे जुन्या जिप्सीचे मूळ रबरी होज आधी बदला. आणि मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं, कलम ५२ लक्षात ठेवा. असा बदल केलेली गाडी ट्रेलरवर घालून न्यायची, सार्वजनिक रस्त्यावरून चालवायची नाही.